रविवारी आजींना भेटायला कोणीच येत नाही

प्रश्न: ताई, मी दोन वर्षं एका वृद्धाश्रमात केअरटेकर आहे. आमच्याकडे ७८ वर्षांच्या एक आजी आहेत, मूलबाळ नाही, भावंडं गेली, ओळखीचं पण कोणी उरलं नाही. रविवारी बाकीच्यांची माणसं भेटायला येतात तेव्हा या उठून मोरीत जातात आणि धुतलेलेच कपडे परत धुत बसतात, मला बघवत नाही. गेल्या महिन्यात छातीत दुखायला लागलं म्हणून दवाखान्यात नेलं तर काउंटरवर पहिला प्रश्न, नातेवाईक कोण, सही कोण करणार? मी काय करू?

उत्तर: आधी सहीचं बघू. आजी शुद्धीवर आहेत, सांगितलेलं त्यांना कळतंय, मग संमती त्यांचीच, सही नाहीतर अंगठा. आणि इमर्जन्सीत तर नातेवाईक नाहीत म्हणून उपचार अडवायचेच नसतात, हे काउंटरवर ठामपणे बोला. पण उद्या त्यांना बोलताच आलं नाही तर? बरं व्हायची आशाच नसेल तेव्हा व्हेंटिलेटर हवा की नको, त्यांच्या वतीने कोणी बोलायचं, हे आत्ताच त्यांना विचारून लिविंग विल, म्हणजे ही इच्छा आधीच लिहून ठेवलेला कागद, करून घ्या. सुप्रीम कोर्टाने २०१८ साली ते मान्य केलं, तेव्हा मॅजिस्ट्रेटची सही लागायची म्हणून लोक त्या वाटेला जायचे नाहीत, २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर, एवढ्यात काम होतं. सत्तरीच्या पुढच्यांचं आयुष्मान कार्डही काढा, उत्पन्नाची अट नाही, यादीतल्या हॉस्पिटलात वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मोफत होतात. अडलं तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे. त्यांचे पैसे मात्र एकटीने हाताळू नका, रजिस्टरात लिहून ऑफिसातल्या कोणाची तरी सही घ्या, तुमच्याच भल्यासाठी सांगतेय.

आता रविवारचं. "मीच तुमची लेक" वगैरे म्हणू नका हो, उद्या नोकरी सुटली तर त्या दुसऱ्यांदा पोरक्या होतील. त्यापेक्षा त्या वेळेला मोरीत त्यांच्याशेजारी बसा आणि पिळलेले कपडे वाळत घाला. बोलतील हळूहळू. गाव कुठलं, चहात साखर किती, आणि एक दिवस हेही विचारा की गेल्यावर काय करायचं, कुठली साडी नेसवायची. अवघड वाटतं पण विचारा. आमच्याकडचे एक आजोबा गेले, अंत्यसंस्कार आटोपून आलो आणि कपाट आवरताना तळाशी कोरं धोतर सापडलं, वर्तमानपत्रात गुंडाळून कडेने दोरा बांधलेलं. ते कशासाठी ठेवलं होतं ते आम्ही कोणी कधी विचारलंच नव्हतं.