बोन इन्फार्क्टचा पुढे कॅन्सर होतो का?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. भावाचा गुडघा दुखतो म्हणून एमआरआय काढला, त्यात मांडीच्या हाडात बोन इन्फार्क्ट, म्हणजे रक्तपुरवठा तुटून मेलेला हाडाचा भाग, निघालं आणि नेटवर शोधल्यावर "यातून सार्कोमा होतो", म्हणजे हाडाचा कॅन्सर, असं दिसल्यापासून घरात कुणाला झोप नाही. मला स्वतःला स्टिरॉइड्समुळे दोन्ही पायांत इन्फार्क्ट आहेत, बरीच वर्षं झाली, त्यामुळे ही भीती मला चांगली माहितीये.

तर पहिलं म्हणजे, होतो हे खरं आहे, पण अतिशय क्वचित. १९६० साली मेलेल्या हाडाच्या जागी फायब्रोसार्कोमा (सार्कोमाचाच एक प्रकार) झालेल्या दोन पेशंट्सची नोंद छापून आली, आणि तेव्हापासून आजवर जगभरात मिळून अशा केसेस शंभराच्या आसपासच रिपोर्ट झाल्यात. आणि इन्फार्क्ट असलेले लोक किती, तर स्टिरॉइड घेणारे, सिकल सेलवाले, ल्यूपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) असलेले, गोशे या आनुवंशिक आजाराचे पेशंट, खोल पाण्यात डायव्हिंग करणारे, दारू जास्त असलेले, आणि कितीतरी जणांना तर कारणच सापडत नाही, दुसऱ्याच कशासाठी एक्सरे काढला आणि त्यात दिसलं एवढंच.

होतं काय, की रक्तपुरवठा तुटून हाडाच्या आतला मॅरोचा, म्हणजे मगजाचा, भाग मरतो आणि त्याच्या कडेने शरीराची दुरुस्ती सुरू होते, ती वर्षानुवर्षं चालूच राहते. असं मानतात की त्या सततच्या दुरुस्तीत कधीतरी एखादी पेशी बिघडते. म्हणून हे इन्फार्क्ट झाल्यावर लगेच होत नाही, बऱ्याचदा कित्येक वर्षांनी होतं, आणि जास्त करून गुडघ्याच्या आसपास, म्हणजे मांडीच्या हाडाचं खालचं टोक नाहीतर नडगीचं वरचं टोक. खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो ढासळतो ते एव्हीएन (अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस) वेगळं, त्यात ही भीती जवळजवळ नाहीच.

घरात आणखी कुणाला लहान वयात असे इन्फार्क्ट किंवा वारंवार फ्रॅक्चर असतील तर मात्र डॉक्टरांना आवर्जून सांगा. एमटॅप जीनमधल्या बिघाडामुळे होणारा एक आनुवंशिक प्रकार आहे, फार दुर्मिळ, पण त्यात साधारण एक तृतीयांश लोकांना हाडाचा कॅन्सर होतो, तिथे हिशोबच बदलतो.

आता लक्ष कशावर ठेवायचं. साध्या इन्फार्क्टची एमआरआयमध्ये कडा नकाशावरच्या किनाऱ्यासारखी वेडीवाकडी दिसते आणि आत चरबीचा सिग्नल बहुतेक टिकून असतो. तो सिग्नल गेला, हाडाची बाहेरची भिंत खाल्लेली दिसली किंवा हाडाबाहेर मऊ गाठ आली, तर ते इन्फार्क्ट म्हणून सोडून द्यायचं नाही. आणि रिपोर्टच्याही आधी दुखणं सांगतं. इन्फार्क्ट पुष्कळदा दुखतच नाही. वर्षानुवर्षं गप्प असलेली जागा अचानक दुखायला लागली, रात्री आराम करतानाही दुखतंय, वाढत चाललंय, सूज हाताला लागतेय, तर "ते जुनंच आहे" म्हणून गोळ्या खात बसू नका हो, मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते, कारण जुनं लेबल लागलं की घरचेही आणि कधीकधी डॉक्टरही नवीन दुखणं त्याच खात्यात टाकतात आणि महिने जातात.

शंका आलीच तर बायोप्सी कुठेही करू नका, हाडांच्या कॅन्सरची ऑपरेशन्स करणारा जो सर्जन पुढे ऑपरेशन करणार त्याच्या सल्ल्यानेच करा, सुईची वाट पुढे ऑपरेशनमध्ये काढून टाकावी लागते आणि ती चुकीच्या जागी असेल तर पाय वाचवणं अवघड होऊन बसतं. बायोप्सीत बहुतेक वेळा अनडिफरन्शिएटेड प्लिओमॉर्फिक सार्कोमा नावाचा प्रकार निघतो, जुन्या रिपोर्टांत त्याला एमएफएच लिहायचे, कधी ऑस्टिओसार्कोमा. हा पसरतो तो मुख्यतः फुप्फुसात म्हणून छातीचा सीटी करतात, आणि ट्रीटमेंट म्हणजे भोवतीच्या चांगल्या भागासकट गाठ काढणं, सोबत बऱ्याचदा केमो. आजार आक्रमक आहे, ते लपवण्यात अर्थ नाही, पण गाठ लहान असताना आणि पसरायच्या आधी सापडली तर पाय ठेवून ऑपरेशन होऊ शकतं.

भावाचं तुम्ही लिहिलंय त्यात गाठ नाही, हाडाची भिंत शाबूत आहे, दुखणं चालताना होतं आणि बसलं की थांबतं, यात मला तरी धोक्याचं काही दिसत नाही, गुडघ्याचं दुसरं कारण असण्याचीच शक्यता जास्त. तरी ऑर्थोपेडिकला सरळ विचारा, परत स्कॅन कधी करायचा, आणि या एमआरआयचा नुसता कागद नको, इमेजेसची सीडी मागून घ्या, पुढे तुलना करायला त्याच लागतात.