अध्यक्ष कोणीही होऊ दे, उपकरणप्रमुख नीट निवडा

प्रश्न थोडक्यात असा : "आमच्या हौशी खगोल मंडळाची निवडणूक पुढच्या महिन्यात आहे. अध्यक्षपदाला दोघं उभे आहेत. एक जण उत्तम खगोलछायाचित्रकार, आकाश तोंडपाठ. निवडून आल्यास मंडळासाठी १६ इंची दुर्बीण घेऊ म्हणतात. दुसऱ्या बाई लोकांसाठीचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम सांभाळतात. बाकीची पदं बिनविरोध होतील असं दिसतंय. मत कोणाला द्यावं?"

तुम्ही विचारलंत अध्यक्षाबद्दल, पण मला खटकलं ते "बाकीची पदं बिनविरोध" हे. त्यात उपकरणप्रमुखाचं, म्हणजे मंडळाच्या दुर्बिणी सांभाळून सभासदांना उसन्या देणाऱ्याचं पदही आलं. हे पद बहुतेक वेळा सभेला गैरहजर असलेल्या किंवा घरी रिकामी खोली असलेल्या माणसाच्या गळ्यात पडतं. माझं स्पष्ट मत आहे की मंडळाच्या कार्यकारिणीत यापेक्षा महत्त्वाचं पद नाही. अध्यक्ष यथातथाच असला तरी वर्ष निघून जातं. उपकरणप्रमुख ढिला असला, तर कपाटातल्या दुर्बिणी एकेक करून निकामी होतात. नव्या सभासदाच्या हाती काही पडत नाही, मग तो पुढच्या वर्षीची वर्गणी भरायला येतच नाही.

एक साधी ८ इंची डॉब्सोनियन (८ इंच व्यासाच्या आरशाची, साध्या बैठकीवर हाताने फिरवायची दुर्बीण) उसनी गेली आणि परत आली, एवढ्यातच काय काय घडतं ते बघा. सभासदाने ती रात्रभर मोकळ्या मैदानात वापरली. पहाटे नळीवर दव साचलेलं होतं. त्याने झाकण लावलं, दुर्बीण गाडीत घातली आणि दुसऱ्या दिवशी आणून दिली. उपकरणप्रमुखाने ती तशीच कपाटात ठेवली. ओलावा आत कोंडला. दोन महिन्यांनी नळीच्या तळाच्या मुख्य आरशावर पाण्याचे गोल डाग दिसतात, हवा दमट असेल तर बुरशीचे तंतू पसरतात आणि कडेने ॲल्युमिनियमचा थर खराब व्हायला लागतो. मग कोणीतरी उत्साही सभासद चष्म्याचं फडकं घेऊन आरसा पुसतो. धुळीचे कण त्या मऊ थरावर घासले जातात आणि ओरखडे कायमचे राहतात.

खरं तर करायचं एवढंच होतं : दुर्बीण खोलीत आणल्यावर सगळी झाकणं काढायची, नळी आडवी ठेवायची, आरसा पूर्ण कोरडा दिसेपर्यंत काही तास थांबायचं आणि मगच झाकणं लावायची. धूळ दिसली तरी आरशाला हात लावायचा नाही. थोड्या धुळीने प्रतिमेत फारसा फरक पडत नाही, वारंवार पुसण्याने पडतो. धुवायची वेळ आलीच तर आरसा बैठकीसकट बाहेर काढायचा, रबरी फुग्याने धूळ उडवायची, वाहत्या पाण्याखाली धरायचा. मग भांडी घासायच्या सौम्य द्रवसाबणाचे काही थेंब घातलेल्या पाण्यात थोडा वेळ ठेवायचा आणि कापसाचा बोळा स्वतःच्या वजनानेच एकदा फिरवायचा. दाबायचं नाही, तोच बोळा पुन्हा वापरायचा नाही. शेवटी डिस्टिल्ड वॉटरने धुऊन उभा करून वाळवायचा. उमेदवाराला हे सांगता आलं नाही तरी एकवेळ चालेल. पण "आरसा अस्वच्छ दिसला तर काय कराल?" या प्रश्नावर तो लगेच "पुसून घेऊ" म्हणाला, तर त्याच्या हाती किल्ली देऊ नका.

परत आलेली दुर्बीण देणाऱ्याच्या समोरच तपासायला हवी. दहा मिनिटं लागतात. आयपीस (डोळा लावायची, बदलता येणारी भिंगं) यादीप्रमाणे आहेत का? २५ मिलिमीटरचा सर्वांत जास्त वापरला जातो आणि हरवतोही तोच. फाइंडरचे, म्हणजे नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीचे, स्क्रू जागेवर आहेत का? रेड-डॉट फाइंडर चालूच राहून त्याची बॅटरी संपली आहे का? नळीत वरून बघितल्यावर तोंडाजवळचा छोटा दुय्यम आरसा मध्यावर दिसतो का? कोलिमेशन, म्हणजे दोन्ही आरसे एका रेषेत जुळलेत का, हे तर प्रत्येक वेळी बघायचं. भोक पाडलेलं साधं झाकण किंवा चेशायर (ही जुळणी तपासायची छोटी नळी) पुरे. लेसर वापरत असाल तर तो फोकसरमध्ये (आयपीस बसवायच्या नळीत) गोल फिरवून बघा. मुख्य आरशावरचा लाल ठिपका जागचा हलून वर्तुळ काढत असेल, तर लेसर स्वतःच वाकडा आहे. अशा लेसरने लावलेली प्रत्येक दुर्बीण बिघडते, आणि मग सभासद म्हणतो की मंडळाच्या दुर्बिणीतून गुरूचे पट्टेच दिसत नाहीत.

विषुववृत्तीय माउंट (ताऱ्यांच्या मागोमाग फिरवता येणारी दुर्बिणीची बैठक) उसने देत असाल तर घेणाऱ्याकडून एकदा समोर जोडून घ्या. आधी प्रतिभार (तोल साधणारं वजन), मग नळी. काढताना आधी नळी, मग प्रतिभार. क्रम उलटला की माउंट एका बाजूला झपकन फिरतं आणि नळी तिपाईवर आदळते. प्रतिभाराच्या दांड्याच्या टोकाचा छोटा स्क्रू दिसायला बिनकामाचा असतो, पण तो नसेल तर वजन घसरून पायावर पडतं. गो-टू माउंट (मोटरने स्वतःच तारा शोधणारं) असेल तर १२ व्होल्टची केबल मंडळाचीच द्या. कोणी धन-ऋण उलटं असलेली केबल लावली, तर सर्किट बोर्ड जळू शकतो.

उसनवारीची मुदत चांद्रमासाइतकी, म्हणजे २९-३० दिवसांची ठेवावी. मग महिन्याच्या कोणत्याही तारखेला दुर्बीण नेली तरी प्रत्येकाच्या वाट्याला एक अमावास्या येते. पंधरा दिवसांची मुदत दिली, तर निम्म्या लोकांना दुर्बीण मिळते ती चांदण्यातच, आणि ते "काही दिसलं नाही" म्हणून परत देतात. रजिस्टरमध्ये दुर्बिणीचा अनुक्रमांक, आयपीसच्या पेटीचा फोटो, नेल्याची आणि परत आल्याची तारीख आणि दोन्ही वेळच्या सह्या हव्यात. तुमच्या मंडळातल्या उमेदवाराला एकच प्रश्न विचारा : "आज मंडळाच्या किती दुर्बिणी आहेत आणि कोणती कोणाकडे आहे?" उत्तर घुटमळत आलं, तर दुसऱ्या कोणाला तरी आजच अर्ज भरायला लावा.

आता त्या १६ इंची दुर्बिणीकडे. दर निवडणुकीला हे वचन कुठे ना कुठे ऐकू येतं आणि दर वेळी मी त्याला विरोध करत आलो आहे. १६ इंची आरसा ८ इंचीच्या चौपट प्रकाश गोळा करतो, म्हणजे सुमारे दीड प्रतीने (प्रत हे ताऱ्यांच्या तेजाचं माप) मंद तारे दिसतात. हे खरं आहे आणि मोहात पाडणारं आहे. पण f/४.५ ची १६ इंची घेतली तर नाभीय अंतर (आरशापासून प्रतिमा एकवटते तिथपर्यंतचं) होतं व्यासाच्या साडेचारपट, १८३० मिलिमीटरच्या आसपास. नळी आकाशमध्याकडे रोखली की आयपीस उभ्या माणसाच्या डोळ्यापर्यंत किंवा त्याहूनही वर जातो. मुलांना शिडी लागते, आणि अंधारात रांगेतल्या मुलाला शिडीवर चढवणं ही जोखीम आहे. आरसा जाड, त्यामुळे तो बाहेरच्या हवेइतका थंड होईपर्यंत तास-दीड तास प्रतिमा उकळत राहते. उचलायला दोन माणसं, न्यायला मोठी गाडी. पहिले चार महिने कौतुक होतं. नंतर ती फक्त त्याच माणसाबरोबर बाहेर पडते ज्याने ती घ्यायला लावली.

हिशेबच करायचा तर ८ इंची चार आरशांचं क्षेत्रफळ मिळून १६ इंची एका आरशाइतकंच होतं. फरक इतकाच की चार जण एकाच वेळी बघतात, एक बिघडली तरी तीन उरतात, आणि तीन घरी उसन्या जाऊ शकतात. जॉन डॉब्सन यांनी १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर लोकांना आकाश दाखवणाऱ्यांचा गट उभा केला. रस्त्यावर नेता येईल, कोणालाही हाताळता येईल, हाच तर त्यांच्या बनावटीच्या दुर्बिणीचा गाभा. कपाटात अडकून पडणारी डॉब्सोनियन घेणं मला त्यांच्या कामाच्या विरुद्ध जाणं वाटतं.

राहिला अध्यक्ष. त्याला आकाश तोंडपाठ असणं ही पात्रता मी मानत नाही. तारीख ठरवता येणं ही पात्रता मानतो. दोघांनीही लेखी मनोगत दिलं असेल तर त्यात वेळापत्रक शोधा. "दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी आकाशदर्शन" असं लिहिलेलं सापडलं, तर त्या उमेदवाराने चंद्राचा विचार केलेला नाही. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं, सौरवर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान. म्हणून तर पंचांगात अधिक मास घालावा लागतो. वर्षाच्या सुरुवातीला तिसरा शनिवार अमावास्येजवळ येत असेल, तर वर्षाअखेरीस त्याच शनिवारी दशमी-एकादशीचा लख्ख चंद्र डोक्यावर असतो. दीर्घिका शोधायला आलेले लोक मग चंद्राला शिव्या देत घरी जातात.

नीट विचार केलेलं वेळापत्रक दोन प्रकारचं असतं. सभासदांसाठी अमावास्येच्या जवळचा शनिवार, शक्यतो तिच्या आधीचा, कारण तेव्हा चंद्र पहाटेच उगवतो आणि संध्याकाळपासून सगळी रात्र काळोखी मिळते. लोकांसाठी शुद्ध सप्तमी-अष्टमी. अर्धा चंद्र संध्याकाळी उंचावर असतो आणि प्रकाश-छायेच्या सीमारेषेवरच्या विवरांच्या सावल्या लांब पडलेल्या असतात. पौर्णिमेला कार्यक्रम ठेवणारे चंद्राचं सगळ्यात सपाट रूप लोकांना दाखवतात.

लोकांचे कार्यक्रम खरोखर केले आहेत का, हे ओळखायला रांगेचा हिशेब विचारा. प्रत्येकाला बघायला आणि दोन वाक्यं ऐकायला दीड मिनिट धरलं, तर एका दुर्बिणीवर तासाला ४० माणसं. दोनशे लोक दोन तासांत करायचे तर किमान तीन दुर्बिणी, शिवाय रांग सांभाळणारा वेगळा. ८ इंची, १२०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीला २५ चा आयपीस लावला तर विवर्धन ४८ पट आणि दृष्टिक्षेत्र सुमारे १ अंश. हाताने हलवायच्या दुर्बिणीत ग्रह मध्यापासून कडेला जायला दोनेक मिनिटं लागतात, म्हणजे एक माणूस निवांत बघून होतो. १० चा आयपीस लावला की शनी सुंदर दिसतो, पण तो मिनिटभरात निसटतो आणि तिसऱ्या माणसाला काळं आकाश दिसतं. त्याने "दिसलं, छान" म्हटलं तरी त्याला काहीही दिसलेलं नसतं. हे ज्याला माहीत आहे तो प्रत्येक माणसानंतर स्वतः एकदा आयपीसमधून बघून घेतो.

सूर्यदर्शनाबाबत मात्र तडजोड नको, मग उमेदवार कोणत्याही पदाचा असो. फिल्टर नळीच्या पुढच्या तोंडाला, घट्ट चिकटपट्टी लावून, वाऱ्याने किंवा मुलाच्या हाताने निघणार नाही असा. प्रत्येक वेळी लावण्याआधी दिव्यासमोर धरून टाचणीएवढी भोकं आहेत का ते बघायचं. फाइंडर काढून ठेवायचा किंवा झाकायचा. दुर्बीण क्षणभरही एकटी सोडायची नाही. आयपीसला लावायचे जुन्या पद्धतीचे छोटे काळे फिल्टर मंडळाच्या पेटीत असतील तर ते फेकून द्यायचे, कारण एकवटलेल्या उष्णतेने ते तडकतात, आणि तेव्हा डोळा तिथेच असतो.

खजिनदाराबद्दल एवढंच : २ ऑगस्ट २०२७ च्या खग्रास ग्रहणासाठी यात्रा काढायचं कोणी म्हणत असेल (इजिप्तमधल्या लक्सरजवळ खग्रास स्थिती ६ मिनिटांहून जास्त आहे, तेव्हा म्हणणारच), तर यात्रेचे पैसे आणि वर्गणीचे पैसे वेगवेगळ्या खात्यांत राहतील असं त्याच्याकडून सभेतच वदवून घ्या. खात्यावर दोन सह्या लागतील असं करा. सचिव वेळेवर इतिवृत्त लिहिणारा असला की झालं.

तर मत कोणाला? तुम्ही जेवढं लिहिलंय त्यावरून बाईंना. छायाचित्रकाराविरुद्ध माझं काही नाही. मंडळाला त्यांची गरज असते, आणि तेज बदलणाऱ्या ताऱ्यांची किंवा पिधानांची (चंद्र वगैरेंच्या आड तारा झाकला जाण्याची) नोंद ठेवायला लागणारी शिस्त त्यांच्यातच सापडते. पण मैदानावर छायाचित्रकाराला उजेड नको असतो आणि पाहुणे टॉर्च घेऊन, गाडीचे दिवे लावून येतात. हा तंटा सोडवणं अध्यक्षाचं काम आहे. गाड्या निघण्याच्या दिशेने तोंड करून लावायला सांगणं, येण्याची वेळ बांधणं, कॅमेऱ्यांना मैदानाची दूरची बाजू देणं, असं सगळं करावं लागतं. एका बाजूचा माणूस हे सहसा न्यायाने करत नाही. त्या गृहस्थांना निरीक्षणप्रमुख करा, तिथे ते शोभतील.

एक-दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. तुमचं मंडळ पंधरा-वीस जणांचं असेल, तर यातलं निम्मं विसरा. तिथे जो काम करतो तोच सगळ्या पदांवर असतो. मंडळाची स्वतःची काळोखी जागा आणि पक्की वेधशाळा असेल, तर १६ इंचीला माझा विरोध नाही. तिथे ती जागची हलत नाही, छप्पर सरकवलं की आरसा थंड होतो, आणि खर्च सार्थकी लागतो. आणि बाईंनी कार्यक्रम एकटीनेच सांभाळले असतील, दुसऱ्या कोणाला शिकवलेच नसतील, तर त्याही उत्तम अध्यक्ष होतीलच असं नाही. त्यांना विचारा की त्या नसताना मागचा कार्यक्रम कोणी घेतला होता.

मतदानाआधी मंडळाची घटना वाचून घ्या. वर्गणी थकलेल्यांना मत आहे का, गणसंख्या किती लागते, ऐनवेळी सभेत अर्ज भरता येतो का, हे मतमोजणीच्या वेळी उकरलं की भांडणं होतात. अर्ज भरता येत असेल तर उपकरणप्रमुखासाठी स्वतःचाच भरा.