वाचकांचे प्रश्न : प्लेटोच्या पाण्याचा हिशेब

प्रश्न : ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोच्या ‘तिमेयस’ या संवादातली विश्वरचना मुलांना दाखवायला कार्डशीटचे घनाकार केले. अग्नी, वायू, पाणी एकमेकांत बदलून दाखवता येतात, पण पृथ्वी कशातच बसत नाही. कुठे चुकतंय?
– एक शिक्षिका, जुळे सोलापूर

उत्तर : तुमचं काही चुकलेलं नाही. प्लेटोनेच पृथ्वीला या फेरफारातून बाहेर ठेवलं आहे. अग्नी म्हणजे चतुष्फलक (चार पृष्ठभागांचा), वायू अष्टफलक (आठ), पाणी विंशतिफलक (वीस). तिघांचे पृष्ठभाग समभुज त्रिकोणांचेच. प्रत्येक पृष्ठभागावर तिन्ही मध्यगा काढा, सहा काटकोन त्रिकोण मिळतील. बाजू ५ सेंमी असेल तर या छोट्या त्रिकोणाच्या भुजा साधारण १.४४, २.५ आणि २.८९ सेंमी भरतात. म्हणजे अग्नीत २४, वायूत ४८, पाण्यात १२० त्रिकोण. पाण्याचा एक कण फुटला की वायूचे दोन आणि अग्नीचा एक: ४८ + ४८ + २४. उलट जाताना अडीच वायूंचं एक पाणी होतं, हा आकडा खुद्द प्लेटोचा. पृथ्वी म्हणजे सहा चौरसांचा घन; त्यातही त्रिकोण २४च, पण ते चौरसाचे कर्ण काढून मिळालेले समद्विभुज. आकडा जुळला तरी आकार जुळत नाही, म्हणून पृथ्वी फुटते आणि पुन्हा पृथ्वीच होते.

तुकडे डिंकाने चिकटवू नका, कागदी चिकटपट्टी लावा. नाहीतर विंशतिफलक उलगडताना कडा फाटतात. आणि चाणाक्ष मुलं घनफळ विचारतीलच. ५ सेंमी बाजूचं पाणी सुमारे २७३ घन सेंमी, त्यातून निघालेले दोन वायू आणि एक अग्नी मिळून जेमतेम १३३. निम्म्याहून जास्त जागा गेली कुठे? प्लेटोने पृष्ठभाग मोजले, पोटातलं काही मोजलं नाही. पृष्ठभाग जोडून वजनदार वस्तू कशी तयार होईल, हा ॲरिस्टॉटलचा आक्षेप आम्हाला तरी बिनतोड वाटतो.

प्रश्न : म्हणजे ग्रीकांच्या मते जग शून्यातून निर्माण झालं नाही?
– एक वाचक, विजापूर वेस

उत्तर : नाही. ‘नाही’तून ‘आहे’ निघत नाही, हे प्लेटोच्या आधीच्या पार्मेनिडीस या तत्त्वज्ञाने ठासून सांगितल्यावर पुढच्यांनी ते मान्य करूनच मांडणी केली. एम्पेडोक्लीसची चार मूळद्रव्यं फक्त मिसळतात आणि सुटतात. हाडासाठी त्याने आठ भागांचं प्रमाणही दिलंय: दोन पृथ्वी, दोन पाणी, चार अग्नी. प्लेटोचा विश्वकर्ताही आपल्याकडच्या चादर विणणाऱ्यासारखाच, सूत आधीपासून हाताशी असलेला. ॲरिस्टॉटलने तर जगाला आरंभच नाकारला.

प्रश्न : ग्रीक तत्त्वज्ञ ॲनॅक्झिमिनीसचा फुंकरीचा प्रयोग वर्गात नीट येत नाही.
– एक विद्यार्थी, सात रस्ता

उत्तर : तो हवेला मूलतत्त्व मानत असे; विरळ झाली की अग्नी, दाट होत गेली की वारा, ढग, पाणी, माती, दगड. पुरावा म्हणून ओठ आवळून मारलेली फुंकर थंड आणि तोंड उघडून सोडलेला श्वास गरम, असं तो दाखवी. निरीक्षण बरोबर, कारण चुकलेलं: आवळलेली फुंकर वेगाने जाताना भोवतालची हवा ओढून घेते आणि तिच्यामुळे गार लागते. सोलापुरात मे महिन्याच्या दुपारी भोवतालची हवाच अंगापेक्षा तापलेली असते, तेव्हा फरक पुसट होणारच. त्यात घामेजलेल्या हाताला दोन्ही फुंकरी गार लागतात. सकाळी करा, तळहात पुसून घ्या आणि वर्गातला पंखा बंद ठेवा.