हप्ता कटला दादाचा, थकबाकी लागली दोघांना

प्रश्न : मी आणि माझ्या मोठ्या भावाने मिळून घरासाठी जॉइंट लोन घेतलंय. हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला दादाच्या सेव्हिंग खात्यातून आपोआप कटतो. आता मुलीच्या शिक्षणासाठी मी कर्जाला अर्ज केला तर सरळ नामंजूर, कारण काय तर माझ्या सिबिलमध्ये सलग ७ महिने थकबाकी! प्रत्येक महिन्याखाली ०२५, ०२६ असे आकडे आहेत. दादा शपथेवर सांगतो की एकही हप्ता चुकवला नाही. बँक म्हणते सिबिलला विचारा, सिबिल म्हणतं बँकेला विचारा. घरात वहिनीशी बोलणं जवळजवळ बंद झालंय. काय करू?

उत्तर : ताई, आधी दादाला फोन करा, कारण तुम्ही पाठवलेले आकडेच सांगतायत की तो बहुतेक खरं बोलतोय. महिन्याखालच्या आकड्याला डीपीडी म्हणतात, म्हणजे हप्ता किती दिवस थकलाय ते. खरंच ७ हप्ते बुडाले असते तर हा आकडा दर महिन्याला चढत चढत २०० च्या आसपास गेला असता. तुमचा तिथल्या तिथे अडकलाय. म्हणजे गडबड एकाच हप्त्याची आहे. तो कर्जखात्यात जमा झाला नाही, मग पुढच्या महिन्याच्या ५ तारखेला आलेले पैसे आधी त्या जुन्या हप्त्यात वळते झाले आणि चालू महिन्याचा हप्ता उघडा पडला, महिनाअखेरीला तो २५-२६ दिवस थकलेला दिसला, आणि हेच पुढे दर महिन्याला चालू राहिलं. मी कर्जखात्याच्या कामात बरीच वर्षं काढलीयत, एका हप्त्याने वर्षभराचा रिपोर्ट खराब झालेला पाहिलाय आणि घरातली माणसं मात्र एकमेकांवर संशय घेत बसलेली.

आता तो हप्ता शोधायचा. दादाच्या सेव्हिंग खात्याचं आणि कर्जखात्याचं अशी दोन्ही स्टेटमेंटं काढा, पहिल्या वाईट महिन्याच्या एक महिना आधीपासूनची, आणि शेजारी शेजारी ठेवून ५ तारीख बघत जा. एका महिन्यात सेव्हिंगमधून पैसे गेलेले दिसतील पण कर्जखात्यात जमेची ओळ नसेल. तिथे पेन्सिलने खूण करा. मात्र त्याच्या खालच्या दोन-चार ओळीही नीट वाचा, कधी कधी पैसे कटून परत आलेले असतात आणि पासबुक घाईत बघताना ते सुटतं. परत आले असतील तर चूक बँकेची म्हणता येणार नाही. परत आले नसतील तर पैसे बँकेकडेच आहेत, दुसऱ्या कुणाच्या कर्जखात्यात नाहीतर सस्पेन्स खात्यात, म्हणजे कुणाचे ते न कळलेले पैसे बँक तात्पुरते ठेवते तिथे.

मग बँकेला लेखी तक्रार द्या, तोंडी अजिबात नको. अमुक तारखेला इतकी रक्कम कटली, कर्जखात्यात जमा नाही, ती मूळ तारखेने जमा करा, त्यामुळे लागलेला दंड आणि जादा व्याज परत करा आणि चारही क्रेडिट कंपन्यांना (सिबिलसारख्या, कर्जाच्या परतफेडीची नोंद ठेवणाऱ्या) दुरुस्त माहिती पाठवा, एवढंच लिहा. ‘मूळ तारखेने’ हे शब्द विसरू नका, आजच्या तारखेने जमा केलं तर थकबाकी मिटेल पण मागचे ७ महिने तसेच राहतील. कुणी ‘सेटलमेंट करून टाका, विषय संपवा’ म्हणालं तर सही करू नका. सेटल्ड या शेऱ्याचा अर्थ पूर्ण पैसे न देता तडजोड केली असा होतो आणि तो तुम्हाला थकबाकीपेक्षा जड जाईल.

त्याचबरोबर क्रेडिट कंपन्यांकडे ऑनलाइन डिस्प्यूट, म्हणजे रिपोर्टमधल्या चुकीची तक्रार टाका, त्याला पैसे लागत नाहीत. कंपनी स्वतःहून आकडा बदलत नाही, बँकेला विचारते, म्हणून तर तुमची टोलवाटोलवी झाली. पण त्याला आता मुदत आहे. रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे, तक्रार ३० दिवसांत सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. त्यातले २१ दिवस बँकेचे. भरपाई बँक किंवा क्रेडिट कंपनी, उशीर जिच्यामुळे झाला तिने द्यायची. नकार दिला तर कारणही कळवावं लागतं. म्हणून तक्रारीची पोच आणि तारीख जपून ठेवा, ३० दिवस तिथूनच मोजायचेत.

आणि इथे जॉइंट लोनवाले हमखास फसतात. हे कर्ज दोघांच्याही रिपोर्टमध्ये पूर्ण दिसतं, अर्धं अर्धं नाही. तुमच्या नावावर दुरुस्ती झाली म्हणजे दादाचं आपोआप सुधारलं असं धरून चालू नका. बँकेच्या तक्रारीवर दोघांच्या सह्या घ्या, डिस्प्यूट मात्र आपापल्या नावाने वेगवेगळा टाका. कंपन्याही चार आहेत, ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, म्हणजे तुमचे चार आणि दादाचे चार, सगळे काढून बघा. स्वतःचा रिपोर्ट बघितल्याने स्कोअर कमी होत नाही, ती भीती काढून टाका.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, सीएमएस पोर्टलवर तक्रार करता येते, फी नाही, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. क्रेडिट कंपनीविरुद्धही तिथे जाता येतं. पण आधी लेखी तक्रार केलेली नसेल तर लोकपाल ती घेत नाही.

मुलीच्या ॲडमिशनची तारीख जवळ असेल तर नामंजूर करणाऱ्या बँकेला ती दोन स्टेटमेंटं आणि तक्रारीची पोच आजच दाखवा आणि अर्जाचा फेरविचार करा म्हणून लिहून द्या. काही मॅनेजर कागद बघून ऐकतात. दुरुस्ती झाल्याचा मेसेज आला की नवीन रिपोर्ट काढा आणि ते सातही महिने एकेक करून तपासा, सगळीकडे ००० किंवा एसटीडी (स्टँडर्ड, म्हणजे खातं नियमित) हवं. एखादाच महिना बदलून बाकीचे तसेच ठेवलेले असतील तर ताबडतोब परत तक्रार टाका.