सॉसचं युनिट टाकताय? आधी टाकीचं झाकण बघा

ताई, दिंडोरीत युनिट टाकताय, मनापासून अभिनंदन! एचएसीसीपी (अन्नातले धोके आधीच हेरून रोखायची पद्धत) केलंत ते उत्तमच, पण त्यात मुख्य भर नकळत होणाऱ्या दूषिततेवर असतो. कुणी मुद्दाम काही मिसळलं तर? नवे लोक गेटवर कॅमेरे लावून निश्चिंत होतात. खरी जोखीम आत, जिथे चिमूटभर टाकलेलं अख्ख्या बॅचमध्ये पसरतं तिथे.

सुरुवातीला एवढंच करा:
- मिक्सिंग आणि साठवणीच्या टाक्यांच्या झाकणांना कुलूप. किल्ली शिफ्ट सुपरवायझरकडेच, खिळ्याला टांगलेली नको.
- मीठ-मसाल्याची फोडलेली पोती उघडी सोडू नका.
- टँकरच्या सीलचा नंबर चलनाशी जुळल्याशिवाय नळी जोडू नका.

टोमॅटोच्या हंगामात रोजंदारीची माणसं वाढतात. विभागवार टोप्यांचे रंग वेगळे ठेवा, परका लगेच दिसतो. कामगारांकडे संशयाने मात्र बघू नका, गडबड आधी त्यांनाच कळते. निर्यातीचं, मुद्दाम होणाऱ्या भेसळीबद्दलच्या अमेरिकेच्या २०१६च्या नियमाचं किचकट प्रकरण नंतर बघू.