तालमीत पडदा लावला, आता पोलीस ठाण्यातून फोन येतोय

प्रश्न: मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावात राहतो, वय २४. डब्ल्यूडब्ल्यूईची अमेरिकन कुस्ती आम्ही शाळेपासून टीव्हीवर बघत आलो. १ एप्रिल २०२५ पासून ते नेटफ्लिक्सवर गेलं आणि गावातल्या निम्म्या पोरांचं बघणंच बंद झालं. सगळे चिडले होते. म्हणून २१ एप्रिलला पहाटे तालमीच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून माझ्या खात्यावरून त्यांचा सगळ्यात मोठा कार्यक्रम, रेसलमेनिया, दाखवला. माणशी ५० रुपये घेतले, ६२ जण आले. आता गावातल्याच कुणीतरी पोलिसांत अर्ज दिलाय. हवालदारांचा 'येऊन जा' म्हणून फोन आला. शिवाय कंपनीचा माणूस म्हणवणारा एकजण मिटवायला २५ हजार मागतोय. आमच्या ३४० जणांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा अ‍ॅडमिन मीच आहे आणि तिथे पोरं फुकट बघायच्या लिंका टाकतात. केबलवाल्याला वर्षाचे पैसे आधीच दिलेत, ते वेगळंच. हिशेबाच्या वहीचा फोटो सोबत पाठवलाय. उरलेले २०० रुपये मी परस्पर तालमीच्या डब्यात टाकले, तालीम चालवणाऱ्या वस्तादांना ते नंतर कळलं. ग्रुपवरचं 'प्रवेश ५० रुपये'चं पोस्टर काढून टाकावं म्हणतोय. वस्तादांनाही त्रास होईल का, याची जास्त काळजी वाटते.

उत्तर: आधी त्या २५ हजारांचं बोलते, कारण ते तुमच्या हातून आज रात्रीसुद्धा जाऊ शकतात. एक रुपयाही देऊ नका. खरा हक्कधारक वकिलामार्फत लेखी नोटीस पाठवतो, त्यात तो कोण, हक्क कशावरून आणि मागणी काय हे लिहिलेलं असतं. कुणाच्या तरी मोबाइल नंबरवर यूपीआय करा असं तो सांगत नाही. त्या माणसाकडे अधिकारपत्र मागा. फोन बंद झाला तर समजून जा, आणि नंबर व आलेले मेसेज जपून ठेवून १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा. दुसरं असं की पैसे देऊन पोलिसांकडचं प्रकरण मिटतही नाही. गुन्हा नोंदला गेलाच, तर खऱ्या हक्कधारकाशी तडजोड झाली तरी तो रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं.

आता मूळ मुद्दा. तुमचा राग मला परका नाही. आमच्याही घरी टेन स्पोर्ट्स लावून तीन पिढ्या एका सतरंजीवर बसायच्या. केबलच्या पैशात दिसणारी गोष्ट एके दिवशी वेगळं खातं, चांगलं इंटरनेट आणि दरमहा वेगळे पैसे मागू लागली, तर ज्याच्याकडे साधा टीव्ही आहे तो आजोबा बाहेरच राहतो. पण कायद्याच्या नजरेने हा व्यवहार चोख आहे. नेटफ्लिक्सने जानेवारी २०२४ मध्ये १० वर्षांसाठी ५ अब्ज डॉलरहून मोठा करार जाहीर केला. भारतात सोनीच्या वाहिन्यांकडे असलेली मुदत मार्च २०२५ अखेर संपली आणि हक्क तिकडे गेले. हक्क कुणाला विकायचे हे मालकाने ठरवायचं असतं, प्रेक्षक त्या करारात पक्षकार नसतो. दूरदर्शनवर दाखवायला लावता येईल का, असं तुमच्या ग्रुपवर कुणीतरी म्हणत असेलच. त्यासाठी २००७ चा कायदा आहे, पण तो केंद्र सरकारने राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून अधिसूचित केलेल्या क्रीडा स्पर्धांपुरता. डब्ल्यूडब्ल्यूई त्या यादीत नाही.

तुम्ही मैदान बघितलेलं आहे. खासबागेत कुस्त्यांचं तिकीट लावायचा हक्क मैदान भरवणाऱ्याचा. शेजारच्या गच्चीवर चढून कुणी बघितलं तर एक गोष्ट. पण गच्चीच्या जिन्यावर खुर्ची टाकून त्याने स्वतःचं तिकीट फाडायला सुरुवात केली, तर ती वेगळी. तुमचं जे झालं ते दुसऱ्या प्रकारात मोडतं.

कॉपीराइट कायदा १९५७ चं कलम ३७ प्रक्षेपण करणाऱ्याला २५ वर्षांचा स्वतंत्र हक्क देतं, आणि परवानगीशिवाय 'कोणताही आकार घेऊन' ते प्रक्षेपण लोकांना दाखवणं हा त्या हक्काचा भंग ठरवतं. 'कोणताही' हा शब्द नीट लक्षात घ्या. ५० रुपयेही आकारच. तुम्हाला फायदा झाला की तोटा, हे इथे विचारलं जात नाही. इंटरनेटवरून येणारं हे 'प्रक्षेपण' म्हणायचं का, यावर तुमचा वकील वाद घालू शकेल, पण सगळी भिस्त त्यावर ठेवू नका. कार्यक्रमाच्या चित्रीकरणाला स्वतःचा कॉपीराइट असतोच. शिवाय नेटफ्लिक्सच्या अटींत खातं घरगुती, बिगरव्यापारी वापरासाठी असून सार्वजनिक खेळ करायचा नाही असं लिहिलेलं आहे. 'मी तर पैसे भरून खातं घेतलं होतं' हा बचाव त्यामुळे टिकत नाही.

शिक्षेचं कलम ६३: सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये हा गुन्हा दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) आणि अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही) ठरवला आहे. वाचून छातीत धस्स होईल, पण लगेच त्याच कलमाचं परंतुक, म्हणजे त्यातला अपवाद, वाचा. धंदा-व्यापाराच्या ओघात नफ्यासाठी केलेलं नसेल, तर न्यायालय खास कारणं नोंदवून सहा महिन्यांहून कमी कैद आणि ५० हजारांहून कमी दंड देऊ शकतं. तुमचा खरा आधार इथे आहे, आणि तो तोंडी नाही, कागदावर हवा.

तुम्ही पत्रासोबत पाठवलेला वहीच्या पानाचा फोटो मी दोनदा पाहिला. जमा ३१००. प्रोजेक्टर भाडं १५००. चहा-वडापाव १४००. शिल्लक २००, तालमीच्या डब्यात. खाली दोघांच्या सह्या. आख्ख्या प्रकरणात याच्याइतकं मोलाचं तुमच्याकडे काही नाही. मूळ वही जपा, त्यात आता एक अक्षरही वाढवू नका. प्रोजेक्टरवाल्याकडून आणि वडापावच्या गाडीवाल्याकडून खऱ्या रकमेच्या, खऱ्या तारखेच्या पावत्या मागा. आज लिहून देत असतील तर आजचीच तारीख घालून.

'प्रवेश ५० रुपये' असं लिहिलेलं पोस्टर तुम्ही ग्रुपवरून काढायचं म्हणताय. काढू नका. ते ३४० फोनांत आहे, तुम्ही पुसलं तर फक्त पुरावा नष्ट केल्याचा वेगळा आरोप ओढवून घ्याल.

हवालदारांच्या फोनला नोटीस म्हणत नाहीत. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटकेची गरज नसेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या, कलम ३५(३) खाली लेखी नोटीस द्यावी लागते, आणि ती व्हॉट्सअ‍ॅपवर चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं आहे. अशी नोटीस आली आणि तुम्ही वेळेवर हजर राहिलात, तर कारणं नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. सध्या बहुधा फक्त अर्जाची चौकशी चालू आहे. तीन वर्षं किंवा जास्त, पण सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करायची तरतूद त्याच संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. म्हणून पळू नका, आडमुठेपणाही करू नका. तालुक्याच्या न्यायालयातला फौजदारी काम करणारा एखादा वकील सोबत घ्या, ठाण्यात जा, अर्जाची प्रत मागा आणि कोऱ्या कागदावर सही करू नका. गुन्हा नोंदला गेल्याचं कळलं तर त्याच दिवशी सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनासाठी अर्ज करायचा. कागद आधीच तयार ठेवायला वकिलांना सांगा.

वस्तादांबद्दल. जागा देणाऱ्यावर जबाबदारी येते ती त्याने 'नफ्यासाठी' जागा दिली तर, असं कॉपीराइट कायद्याचं कलम ५१ म्हणतं. आणि हा भंग आहे हे माहीत नसेल, तसं वाटायला कारणही नसेल, तर तिथेही सुटका आहे. त्यांनी भाडं घेतलेलं नाही. डब्यातले ते २०० रुपये मात्र तुम्ही परस्पर टाकलेत आणि त्यांना नंतर कळलं, असं तुम्ही लिहिलंय. ते जसंच्या तसं सांगा. त्यांना वाचवायचं म्हणून 'हॉल आम्ही न विचारता उघडला' असं काही रचू नका. किल्ली त्यांच्या घरून आणली हे गावाला माहीत आहे. एक खोटं सापडलं की तुमच्या खऱ्या वहीवरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

ग्रुपचं सोपं आहे. सभासदाने टाकलेल्या मजकुराला अ‍ॅडमिन केवळ अ‍ॅडमिन म्हणून जबाबदार नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये दिला आहे. तो वेगळ्या प्रकारच्या गुन्ह्यात होता, तरी तत्त्व उपयोगी पडेल. तुम्ही स्वतः लिंक पुढे पाठवली असेल किंवा 'टाका रे' म्हणाला असाल, तर हे संरक्षण संपलं. आजच ग्रुपवर लिहा की चोरीच्या लिंका टाकू नयेत. करारावर टीका करा, कंपनीला शंभर मेल लिहा, खातं बंद करा, याला कुणी हात लावू शकत नाही.

केबलवाल्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. तुम्ही वाहिनीचे पैसे भरलेत आणि वाहिनी चालू आहे. त्यातला एक कार्यक्रम गेला. ती वाहिनी पॅकमधून काढून उरलेल्या महिन्यांचा हिशेब मागा, तोही लेखी. 'वर्षभर डब्ल्यूडब्ल्यूई दिसेल' असं त्याने पावतीवर किंवा मेसेजमध्ये लिहून दिलं असेल तरच जिल्हा ग्राहक आयोगाचा विचार करा. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे, त्यामुळे ते नंतरही करता येईल.

ठाण्यात जाताना वहीची झेरॉक्स, आधार कार्डाची प्रत आणि नेटफ्लिक्सच्या खात्याची पावती न्या. मूळ वही मागितली तर पोच घेतल्याशिवाय देऊ नका. आणि वस्तादांना आज संध्याकाळीच जाऊन सगळं सांगा, त्यांना ठाण्याचा फोन येण्याआधी.