प्रार्थना विषय की चहाडी?

प्रश्न : ताई, सलाम. लग्न होऊन नगरहून नालासोपाऱ्याला आले. रविवारी उपासनेला भायखळ्याला जातो, म्हणजे दादरला गाडी बदला आणि वर मेगाब्लॉक. महिला मंडळातल्या एका मावशींना मी रडत रडत सांगितलं की मिस्टर पितात. दुसऱ्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्रार्थना विषय (सगळ्यांनी कशासाठी प्रार्थना करायची ते), "नालासोपाऱ्याच्या एका भगिनीच्या पतीच्या व्यसनासाठी." नाव नाही टाकलं, पण तिकडून येणारी मी एकटीच! दोन महिने झाले चर्चला गेले नाही. कोणी म्हणतं विश्वास वाढव. माझाच विश्वास कमी पडतोय का?
– एक भगिनी

उत्तर : सलाम गं. विश्वासाचं नंतर बघू, आधी सांगते, तुला राग आला तो बरोबरच आहे. आपल्यात हे फार चालतं, चहाडी म्हटलं की पाप आणि प्रार्थना विषय म्हटलं की सेवा, मजकूर तोच! मावशींच्या मनात वाईट नसेलही, पण तुला न विचारता टाकायला नको होतं.

बायबलमधलं मत्तय 18:15 काढून बघ. भावाने अपराध केला तर त्याच्याकडे जा आणि दोघंच असताना त्याला दाखव, असं आहे. ग्रुपवर उत्तर देऊ नकोस, पाळकांकडेही आधी जाऊ नकोस, मावशींना एकटं गाठ आणि सरळ सांग, "मी ते फक्त तुम्हाला सांगितलं होतं." बस. पुढचं भाषण नको, पहिल्या वाक्यालाच घसा दाटून येईल, येऊ दे.

आता विश्वास. रूथच्या पुस्तकातली नामी आठवते ना, नवरा गेला, दोन्ही मुलं गेली, बेथलेहेमला परत आली तर गावच्या बायकांना म्हणते, मला नामी नका म्हणू, मारा म्हणा. मारा म्हणजे कडू (संडे स्कूलमध्ये आम्ही ह्यावर एकमेकींना मारायचो). देवानेच मला दुःख दिलं असं ती भर गावात बोलली, आणि तिचा विश्वास कमी पडला असं त्या बायकांपैकी कोणी म्हटल्याचं लिहिलेलं नाही. उलट चौथ्या अध्यायात बघ, तिच्या सुनेला, रूथला मुलगा झाला तेव्हा त्याचं नाव ओबेद कोणी ठेवलं? शेजारणींनी! मधला सगळा काळ त्या तिथेच होत्या. तुला अशा दोघी हव्यात, पन्नास जणींचा ग्रुप नको. विरार-वसईकडे मराठी ख्रिस्ती घरं आहेत, जवळपास कोणी सापडली तर आठवड्यातून एकदा चहाला बसा, एक स्तोत्र वाचा, झालं. सकाळच्या लेडीज डब्यातली मैत्रीणसुद्धा चालेल.

मिस्टरांच्या पिण्यासाठी नुसती प्रार्थना धरून बसू नकोस. अल-अ‍ॅनॉन म्हणून दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी बैठका असतात, फी नसते, पूर्ण नाव सांगावं लागत नाही, आणि तिथे ऐकलेलं तिथेच ठेवायचं हा त्यांचा नियमच आहे (आपल्या मंडळाने जरा शिकावं). आणि हात उचलत असतील तर 181 ह्या महिला हेल्पलाइनला फोन कर, तेव्हा सहन करणं म्हणजे क्रूस वाहणं असं कोणी सांगितलं तर ऐकू नकोस.

मावशी काय म्हणाल्या ते मात्र कळव. छापलं तर ह्या वेळी नालासोपारासुद्धा लिहिणार नाही.